मोठी डिझेल एसयूव्ही घ्यावी की हायब्रिड? एका कुटुंबाच्या प्रश्नाच्या निमित्ताने

प्रश्न थोडक्यात असा आहे. वाकडला राहणारे सहा जणांचे कुटुंब : पती-पत्नी, शाळेत जाणारी दोन मुले आणि सत्तरी ओलांडलेले आई-वडील. रोजची ये-जा वाकड ते हिंजवडीचा तिसरा टप्पा. वर्षाकाठी सगळे मिळून साधारण १२,००० किलोमीटर. गणपती, शिमगा आणि मे महिन्याची सुटी या निमित्ताने देवरुखजवळच्या गावी जाणे ठरलेले. बजेट ऑन-रोड तीस-बत्तीस लाखांपर्यंत. सोसायटीत चार्जर बसवायला परवानगी मिळत नसल्याने इलेक्ट्रिक गाडीचा विचार सोडून दिलेला. घरात मात्र दोन तट पडले आहेत. एका बाजूला स्कॉर्पिओ-एन किंवा सफारीसारखी मोठी डिझेल ऑटोमॅटिक हवी आहे, तर दुसऱ्या बाजूचा कल टोयोटाच्या इनोव्हा हायक्रॉस किंवा हायरायडर या हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनाला विजेच्या मोटरची जोड असलेल्या, गाड्यांकडे आहे.

आधी उत्तर सांगतो, मग कारणांकडे वळतो. सहाही जण वरचेवर एकत्र प्रवास करणार असतील, तर हायक्रॉसच्या हायब्रिड प्रकारांतला सर्वांत साधा प्रकार घ्यावा. तसे प्रसंग हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतील, तर पाच आसनी हायरायडर किंवा तिच्याच यंत्रणेवर चालणारी मारुतीची ग्रँड व्हिटारा स्ट्राँग हायब्रिड (जिच्यात मोटर एकटीनेही गाडी हलवू शकते) घ्यावी आणि उरलेले पैसे गाठीला ठेवावेत. मोठी डिझेल एसयूव्ही मी या कुटुंबाला सुचवणार नाही. त्याचे मुख्य कारण इंधनाचा खर्च हे नाही, हे वाचून कदाचित आश्चर्य वाटेल. पण वाहनचाचणीच्या क्षेत्रात आयुष्य गेल्यामुळे हा हिशेब मी अनेकांना मांडून दाखवला आहे आणि तो जवळजवळ प्रत्येक वेळी अपेक्षेपेक्षा वेगळा निघतो.

तो हिशेब असा. वर्षाच्या १२,००० किलोमीटरपैकी ९,००० शहरात आणि ३,००० हमरस्त्यावर धरू. दोन टनांच्या आसपासची डिझेल ऑटोमॅटिक एसयूव्ही पुण्याच्या गर्दीत लिटरला साडेदहा आणि हमरस्त्यावर चौदा किलोमीटर देते असे मानले, तर वर्षाला सुमारे १,०७० लिटर डिझेल लागेल. हायक्रॉस हायब्रिड दोन्हीकडे सोळाच्या आसपास ॲव्हरेज देते असे धरले, तर ७५० लिटर पेट्रोल लागेल. डिझेल ९१ आणि पेट्रोल १०४ रुपये धरले, तर खर्च अनुक्रमे साधारण ९७,५०० आणि ७८,००० रुपये होतो. म्हणजे फरक वर्षाला वीस हजारांच्या आतच राहतो. आठ वर्षे गाडी ठेवली तरी दीड लाखाच्या पुढे फारसे काही वाचत नाही, आणि हायक्रॉसची किंमत तुलनेच्या अनेक डिझेल प्रकारांपेक्षा आधीच त्याहून अधिक आहे. वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात १३ टक्के आणि डिझेल गाडीला १५ टक्के एकरकमी वाहनकर पडतो, त्यामुळे थोडी भरपाई होते इतकेच. ‘हायब्रिड स्वतःचे पैसे स्वतः फेडते’ असे विक्रेता सांगतो, ते डिझेलशी तुलना करताना सहसा खरे नसते. पेट्रोल ऑटोमॅटिकशी तुलना केली, तर मात्र ते पुष्कळ अंशी खरे ठरते. हायरायडरचा साधा पेट्रोल ऑटोमॅटिक प्रकार आणि स्ट्राँग हायब्रिड प्रकार शेजारी ठेवले, तर याच वापरात वर्षाला चाळीस हजारांच्या आसपास फरक पडतो आणि दोन-तीन लाखांचा जादा खर्च सहा-सात वर्षांत भरून येतो.

रुपयांत फरक कमी दिसतो, याचे कारण पंपावरचे डिझेल स्वस्त आहे हे. लिटरमध्ये मोजले, तर हायब्रिड तीस टक्के कमी इंधन जाळते. एक लिटर डिझेल जळल्यावर सुमारे २.६५ किलो आणि एक लिटर पेट्रोल जळल्यावर सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणून धुराच्या हिशेबात ही तफावत आणखी रुंदावते : वर्षाला एकीकडे जवळपास २.८ टन, दुसरीकडे १.७ टन. ज्यांना हा मुद्दा महत्त्वाचा वाटतो, त्यांचा निर्णय इथेच होतो.

आता मला अधिक महत्त्वाचे वाटणारे कारण. रोजचा प्रवास दहा-बारा किलोमीटरचा आणि त्यातला बराच भाग भूमकर चौक ते हिंजवडी असा रखडत होणारा आहे. १ एप्रिल २०२० पासून धुराच्या प्रदूषणाचे बीएस-६ निकष लागू झाल्यावर प्रत्येक डिझेल गाडीच्या धुराड्याच्या मार्गात काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, आला. अडवलेली काजळी या फिल्टरला अधूनमधून जाळून टाकावी लागते आणि त्यासाठी धुराचे तापमान सहाशे अंश सेल्सिअसच्या आसपास काही मिनिटे टिकावे लागते. पाऊण तास पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगणाऱ्या गाडीत ते तापमान येत नाही. गाडी स्वतःहून जादा इंधन टाकून ही प्रक्रिया सुरू करते, पण ती पूर्ण होण्याआधीच आपण ऑफिसच्या तळघरात पोहोचून इंजिन बंद करतो. असे वारंवार घडले की न जळलेले डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरते, ऑइल पातळ होते आणि एके दिवशी डॅशबोर्डवर दिवा लागतो. सर्व्हिस सेंटरवाला सांगतो, ‘साहेब, एक्स्प्रेस वेवर वीस-पंचवीस मिनिटे एका वेगात चालवून आणा.’ हा सल्ला चुकीचा नाही. पण दर काही आठवड्यांनी गाडीला फिरवून आणायचे असेल, तर ती गाडी आपल्या वापरासाठी योग्य नव्हती, असाच त्याचा अर्थ होतो. शिवाय अनेक मोठ्या डिझेल गाड्यांत ॲडब्लू नावाच्या युरियाच्या द्रावणाची वेगळी टाकी असते आणि ती रिकामी झाली की गाडी पुन्हा सुरूच होत नाही. महिन्याला तीन हजार किलोमीटर हमरस्त्यावर फिरणाऱ्याला या दोन्ही गोष्टींचा त्रास जाणवतही नाही. वाकड-हिंजवडी करणाऱ्याला तो नक्की जाणवेल.

याच रस्त्यावर हायब्रिडचे काम नेमके उलट चालते. दोन टनांची गाडी ताशी ५० किलोमीटर वेगात असताना तिच्यात साठलेली ऊर्जा सुमारे १९० किलोज्यूल असते. साध्या गाडीत ब्रेक दाबला की ती सगळी उष्णता होऊन हवेत जाते आणि पुढच्या सिग्नलनंतर तीच ऊर्जा पुन्हा इंधनातून आणावी लागते. शहरात इंजिन इंधनातील ऊर्जेचा जेमतेम पाव भाग चाकांपर्यंत पोहोचवते असे धरले, तर ४०-५० वेळा पन्नासचा वेग गाठून थांबण्यात एक लिटर डिझेल निव्वळ ब्रेकपायी खर्च होते. हायब्रिडमध्ये ब्रेकच्या पेडलवर पाय ठेवताच आधी मोटर जनित्रासारखी फिरू लागते आणि त्या ऊर्जेचा मोठा भाग बॅटरीत परत जातो. गाडी रांगत असताना इंजिन बंदच असते. ते सुरू होते तेव्हाही आपल्या कार्यक्षम पट्ट्यात चालेल अशी व्यवस्था असते. टोयोटाच्या पद्धतीत दोन मोटर-जनित्रे आणि ग्रहीय गिअरसंच मिळून इंजिनाचा वेग चाकांच्या वेगापासून मोकळा ठेवतात. ही इंजिने ॲटकिन्सन पद्धतीने चालतात. तिच्यात आत घेतलेली थोडी हवा परत बाहेर ढकलून प्रसरणाचा टप्पा लांब ठेवला जातो. अशा इंजिनाची ओढ मुळात कमी असते, पण ती उणीव मोटर भरून काढते आणि बदल्यात औष्णिक कार्यक्षमता चाळीस टक्क्यांच्या आसपास जाते. १९९७ मध्ये जपानमध्ये आलेल्या प्रियसपासून ही मांडणी मुळात तीच आहे, म्हणून तिच्या टिकाऊपणाबद्दल आता नवलाईची भीती बाळगण्याचे कारण नाही. बॅटरीला आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी असते. एक छोटी काळजी मात्र मालकानेच घ्यायची असते : या गाड्यांत बॅटरी थंड ठेवणारी हवा बहुधा प्रवाशांच्या कक्षातूनच ओढली जाते, त्यामुळे आसनाजवळची ती जाळी पिशव्यांनी किंवा चादरीने झाकू नये आणि प्रत्येक सर्व्हिसिंगला ती साफ केली की नाही, हे विचारावे.

खरेदीच्या वेळी एक फसगत टाळावी. मागच्या दारावर ‘हायब्रिड’ किंवा ‘स्मार्ट हायब्रिड’ लिहिलेली प्रत्येक गाडी या प्रकारची नसते. १२ व्होल्टचा छोटा स्टार्टर-जनित्र बसवलेल्या माइल्ड हायब्रिडमध्ये मोटर एकटीने गाडी हलवू शकत नाही आणि फायदा किरकोळ असतो. वर सांगितलेला सगळा लाभ फक्त स्ट्राँग हायब्रिडचा आहे.

कंपनीच्या आकड्यांबद्दलही सांगायला हवे. हायरायडर आणि ग्रँड व्हिटारासाठी जाहीर झालेला आकडा लिटरला २७.९७ किलोमीटर आणि हायक्रॉससाठी २३.२४ आहे. हे आकडे खोटे नसतात. ते प्रयोगशाळेत, रोलरवर, एसी बंद ठेवून, ताशी ९० किलोमीटरच्या वर न जाणाऱ्या आणि सावकाश वेग घेणाऱ्या चाचणीचक्रात मिळालेले असतात. असे सौम्य चक्र हायब्रिडला विशेष मानवते, त्यामुळे प्रत्यक्षातली घट तिच्या बाबतीत मोठी दिसते. त्यात आता वीस टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलमुळे आणखी काही टक्के उतरतात, कारण इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या तुलनेत लिटरमागे सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. मी वरच्या हिशेबात सोळा धरले, ते या सगळ्याची वजावट करूनच.

देवरुखची वाट कऱ्हाड, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण, संगमेश्वर अशी असेल असे गृहीत धरतो. एसयूव्हीच्या बाजूने बोलणारे इथेच घाटाचा मुद्दा काढतात, आणि तो निम्मा खरा आहे. सहा माणसे आणि सामान घेऊन चढताना डिझेलची कमी वेगातील ओढ निर्विवादपणे सुखावह असते. हायक्रॉस चढते, पण जोर लावला की तिचे इंजिन एका सुरात ओरडते, कारण नेहमीसारखे गिअर तिला नाहीत. उतरतानाची गोष्ट अधिक समजून घेण्यासारखी आहे. भरलेली गाडी साधारण २,१०० किलोची आणि उतार पाचशे मीटरच्या आसपास धरला, तर मुक्त होणारी ऊर्जा पावणेतीन किलोवॉट-तासांच्या जवळ जाते. हायक्रॉसच्या बॅटरीची एकूण क्षमता दीड किलोवॉट-तासाच्याही आत आहे आणि तिच्यातलाही काहीच भाग वापरात येतो. साहजिकच अर्ध्या घाटातच बॅटरी भरते, मोटरचा ब्रेक सैल पडतो आणि गाडी स्वतःहून इंजिन फिरवून वेग रोखू लागते. ॲक्सिलरेटरवर पाय नसताना इंजिन एकदम गरजू लागल्याने नवखा चालक घाबरतो आणि काही बिघडले असे समजून गाडी बाजूला घेतो. बिघाड कसलाही नसतो. हायरायडरमध्ये गिअरच्या दांड्यावर ‘बी’ अशी जागा असते, ती उतार सुरू होतानाच निवडली तर हे काम शांतपणे होते. डिझेल गाडीत आपण दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर उतरतो, तसाच हा प्रकार आहे.

गावातल्या जांभ्या दगडाच्या रस्त्याला फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांनी ओढणारी गाडी, लागते का? मोठ्या कुटुंबाच्या गाडीला वर्षातून तीनदा जाण्यासाठी नाही. चिखलात रुतण्याचा प्रश्न असेल, तर दोन्ही बाजूंनी विचारात असलेल्या बहुतेक गाड्या फक्त दोन चाकांनीच ओढतात, हे लोक विसरतात. स्कॉर्पिओ-एनचे फोर बाय फोर प्रकार वेगळे आणि महाग आहेत, तर सध्याच्या सफारीत ती सोयच नाही. हायक्रॉसचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर, २,८५० मिलिमीटर असल्याने भरलेल्या गाडीचे पोट उंचवट्यावर घासू शकते, एवढी उणीव मान्य करावी लागेल. पाण्याने भरलेल्या मोरीवर मात्र यांपैकी कोणतीही गाडी घालू नये. हायब्रिडची उच्च व्होल्टेजची यंत्रणा बंदिस्त असते. इंजिनात पाणी शिरण्याचा धोका दोन्हींत सारखाच आहे.

आई-वडिलांच्या गुडघ्यांचा विचार या वादात फार उशिरा होतो. स्कॉर्पिओ-एन शिडीसारख्या चौकटीवर, म्हणजे लॅडर फ्रेमवर उभी आहे. अशा गाडीचा तळ उंच असतो आणि आत शिरताना पायरीवर पाय ठेवून अंग वर उचलावे लागते. तिची तिसरी रांग अरुंद आहे आणि ती रांग उघडी ठेवली की डिक्कीत सामानाला नावापुरतीच जागा उरते. सहा माणसे आणि गणपतीचे सामान असेल, तर छतावर कॅरिअर आलेच. हायक्रॉस त्या मानाने खाली आहे आणि तिच्या तिसऱ्या रांगेत मोठी माणसे बसू शकतात. गंमत अशी की जी ‘छोटी, काटकसरी’ बाजू समजली जाते तिची ही गाडी ४,७५५ मिलिमीटर लांब आहे, आणि रस्त्यावर धिप्पाड दिसणारी स्कॉर्पिओ-एन ४,६६२. सोसायटीतल्या पार्किंगची जागा टेप लावून मोजावी, कारण या हायब्रिडला अधिक जागा लागते.

‘मोठी गाडी म्हणजे सुरक्षित गाडी’ हा युक्तिवाद मी नाकारत नाही, पण त्याची मर्यादा सांगणे भाग आहे. दोन गाड्यांच्या टकरीत जड गाडीतली माणसे कमी मार खातात, हे भौतिकशास्त्र आहे. मात्र तो मार नाहीसा होत नाही, समोरच्याकडे जातो. २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसे मेली आणि त्यांतली सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. अमेरिकेतील इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी या संस्थेने २०२३ मध्ये पादचाऱ्यांच्या अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ४० इंचांपेक्षा, म्हणजे साधारण एक मीटरपेक्षा उंच बॉनेट असलेल्या गाड्यांच्या धडकेत पादचारी दगावण्याची शक्यता बुटक्या, उतरत्या बॉनेटच्या गाड्यांपेक्षा सुमारे ४५ टक्के अधिक आढळली. हिंजवडीच्या रस्त्यावर आपल्या पुढे-मागे कोण असते, ते आपल्याला ठाऊकच आहे. आतल्या माणसांच्या सुरक्षेसाठी आकारापेक्षा क्रॅश टेस्टचा निकाल पाहावा. स्कॉर्पिओ-एनला ग्लोबल एनकॅपमध्ये प्रौढांसाठी पाच तारे मिळाले, पण मुलांसाठी तीनच. हायक्रॉसला भारत एनकॅपमध्ये दोन्हींत पाच मिळाले. दोन चाचण्यांची पद्धत तंतोतंत एक नसल्याने ताऱ्यांची वजाबाकी करू नये. तरी मोठी एसयूव्ही सोडली म्हणजे मुलांची सुरक्षितता सोडली, असे कोणी म्हणत असेल तर त्याला आधार नाही.

हा वाद घराघरांत असा पेटण्यामागे सरकारी धोरणाचाही हात आहे, म्हणून त्याचा उल्लेख करतो. २०२४-२५ मध्ये विकल्या गेलेल्या प्रवासी गाड्यांपैकी सुमारे ६५ टक्के युटिलिटी वर्गातल्या, म्हणजे एसयूव्ही आणि तत्सम, होत्या, अर्थात त्यांत चार मीटरच्या आतल्या लहान गाड्याही भरपूर. आधी मोठ्या एसयूव्हीवर जीएसटी आणि उपकर मिळून ५० टक्के आणि हायब्रिडवर ४३ टक्के भार होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून उपकर गेला आणि दोन्हींना सरसकट ४० टक्के लागू झाला. म्हणजे एसयूव्हीचा भार दहा टक्क्यांनी उतरला आणि हायब्रिडचा तीन टक्क्यांनी. कमी इंधन जाळणाऱ्या गाडीला करात असलेली थोडीबहुत सवलत त्यामुळे पुसली गेली, आणि माझ्या मते हे पाऊल चुकले. उत्तर प्रदेशाने जुलै २०२४ मध्ये स्ट्राँग हायब्रिडवरचा नोंदणी कर माफ केला. महाराष्ट्रात तिला पेट्रोल गाडीचाच दर पडतो. कंपन्यांच्या सरासरी कार्बन उत्सर्जनावर मर्यादा घालणारे केफे निकष आहेत, पण त्यांत गाड्यांचे सरासरी वजन वाढले की मर्यादाही सैल होते, त्यामुळे जड गाड्या बनवणाऱ्यावर अपेक्षित तेवढा दाब येत नाही.

कोणत्या परिस्थितीत माझे उत्तर बदलेल, हेही सांगणे उचित ठरेल. हेच कुटुंब छत्रपती संभाजीनगरला राहत असते आणि समृद्धी महामार्गावरून महिन्यातून दोन-चार वेळा नागपूरला जात असते, तर मी डिझेल सुचवले असते. ताशी ११०-१२० च्या स्थिर वेगात ब्रेकमधून परत मिळवायला काहीच नसते, मोटर फारशी हातभार लावत नाही आणि उंच, रुंद गाडी ओढणारे पेट्रोल इंजिन उघडे पडते. त्या वेगात हायक्रॉस आणि चांगली डिझेल गाडी यांच्या लिटरच्या आकड्यांत फार अंतर उरत नाही, आणि डिझेल स्वस्त पडते. ट्रेलर ओढायचा असेल, शेतावरची वाट खरोखरच बिकट असेल किंवा गाडीत नेहमी सात माणसे आणि जड सामान असेल, तरीही डिझेलच.

टेस्ट ड्राइव्ह शोरूमच्या ठरलेल्या फेरीत घेऊ नये. सकाळी साडेनऊच्या सुमारास गाडी वाकडला मागवावी, एसी नेहमीसारखा लावून भूमकर चौकातून हिंजवडीपर्यंत न्यावी आणि निघण्यापूर्वी ट्रिपचा आकडा शून्यावर आणून पोहोचल्यावर तो टिपून घ्यावा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी दुसरी गाडी तशीच चालवावी. आई-वडिलांना दोन्ही वेळा सोबत न्यावे, त्यांना स्वतःहून चढू-उतरू द्यावे आणि आठवीतल्या मुलाला येताना मुद्दाम तिसऱ्या रांगेत बसवावे.